वेळापत्रक मुलांच्या हाती द्या: अमेरिकेतल्या मराठी पालकांना खुले पत्र

प्रिय आई-बाबांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर मी प्रसादाच्या टेबलापाशी उभी होते. एक गृहस्थ आले, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "मॅडम, जरा नजर टाकता का?" त्यांच्या मुलीचं कॉलेजचं वेळापत्रक होतं. एक्सेलमध्ये, रंग भरून, फार निगुतीनं केलेलं. पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गेनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोलॉजी आणि कॅल्क्युलस, एकूण १८ क्रेडिट. दर उन्हाळ्यात दोन कोर्स. तिसऱ्या वर्षाअखेर डिग्री, लगेच मेडिकल स्कूल. मुलगी पलीकडे लेझीम गोळा करून खोक्यात भरत होती. मी विचारलं, "तिचं काय म्हणणं आहे?" ते म्हणाले, "तिला अजून कुठे काय कळतंय!"

त्या गडबडीत मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावरही तो कागद डोळ्यांपुढून हलेना. मुलीवर जीव असल्याशिवाय कुणी इतक्या रात्री जागून असा तक्ता करत नाही, हे मला कळत होतं, आणि तो तक्ता तिला कुठे नेऊन सोडेल हेही कळत होतं. म्हणून हे पत्र, त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना.

मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात मी २२ वर्षं केमिस्ट्री शिकवते. जनरल आणि ऑर्गेनिक, म्हणजे प्री-मेडची, म्हणजे मेडिकलची तयारी करणारी मुलं ज्या दोन विषयांना सगळ्यात जास्त घाबरतात तेच. मेडिकल, डेंटल, फार्मसीकडे जाणाऱ्या मुलांना कोर्स निवडायला मदत करणाऱ्या समितीवरही मी बरीच वर्षं आहे. माझी दोन मुलं याच वाटेनं कॉलेजातून गेली. शिक्षिका म्हणून जे दिसतं ते आणि आई म्हणून जे चुकलं ते, दोन्ही सांगते.

आपली घाई कुठून आली ते आधी बघू. मी १९८८ साली सांगलीत बारावी दिली. तेव्हा सीईटी नव्हती, पीसीबीच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. दहावीला किती पडले, अकरावीत काय दिवे लावले, कुणी विचारत नसे. अकरावीला तर 'रेस्ट इयर' म्हणायचे. आता तिकडे 'नीट' ही प्रवेशपरीक्षा आहे, ७२० मार्कांची, पण रीत तीच: एक दिवस, एक पेपर, आणि मागचं सगळं पुसलं जातं. यंदा जमलं नाही तर वर्षभर रिपीट करायचं आणि नवा स्कोअर आणायचा. जुना कुणी बघत नाही. ज्याची बारावी लवकर आटोपली तो लवकर डॉक्टर झाला, हे आपल्या मनात इतकं खोल रुतलंय की अमेरिकेत वीस वर्षं काढूनही निघत नाही.

इथे मात्र काहीच पुसलं जात नाही. एमडी ही इथली डॉक्टरची डिग्री. ती देणाऱ्या बहुतेक मेडिकल शाळांसाठी ॲमकॅस नावाचा एकच सामाईक अर्ज असतो. त्यात मुलानं जिथे जिथे म्हणून कॉलेजचा कोर्स केला तिथली प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रिका, द्यावी लागते. हायस्कूलमध्ये असताना "क्रेडिट मिळतंय तर घेऊन टाक" म्हणून कम्युनिटी कॉलेजात केलेला ड्युअल एनरोलमेंटचा कोर्ससुद्धा त्यात येतो. सोळाव्या वर्षी पडलेली बी ग्रेड बाविसाव्या वर्षीच्या अर्जात हजर असते. एखाद्या कोर्सला सी पडला, पुन्हा करून ए आणला, तर सरासरीत दोन्ही ग्रेड धरतात, मग कॉलेजनं स्वतःच्या जीपीएतून पहिली ग्रेड काढून टाकलेली असली तरी. डीओ या डॉक्टरच्या दुसऱ्या डिग्रीच्या अर्जात पूर्वी नवी ग्रेड जुनीच्या जागी बसायची, २०१७ पासून तीही सोय गेली. शिवाय सरासरी दोन काढतात: एक सगळ्या विषयांची आणि एक फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताची.

थोडा हिशेब करून दाखवते, कारण आपल्या घरांत हिशेबाची भाषा चटकन समजते. चार वर्षांत १२० क्रेडिट, त्यातले ६० विज्ञान-गणिताचे धरा. ए म्हणजे ४, सी म्हणजे २. चार क्रेडिटच्या एका कोर्सला सी पडला आणि बाकी सगळे ए आले, तर विज्ञानाची सरासरी ३.८७ राहते. म्हणजे एका सी-नं कुणी बुडत नाही, त्यावरून घरात रडारड करू नका. पण एकाच सेमिस्टरला चार-चार क्रेडिटचे तीन सी पडले, तर पुढे तीन-साडेतीन वर्षं एकही चूक न करता नुसते ए आणले तरी विज्ञानाची सरासरी ३.६ च्या वर जात नाही. मेडिकलला ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची एकूण सरासरी ३.८ च्या आसपास असते, आणि अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना एकाही शाळेत जागा मिळत नाही. तीन सी एकत्र पडतात ते तीन अवघड कोर्स एकत्र घेतल्यावर. आळशी मुलांपेक्षा हुशार, आज्ञाधारक आणि दमलेल्या मुलांना हे होताना मी जास्त वेळा पाहिलंय.

माझ्या मुलीचं सांगते. दुसऱ्या वर्षी ऑर्गेनिक, फिजिक्स आणि जेनेटिक्स, तिन्ही लॅबसकट, एकत्र घ्यायला मीच लावलं. ती दुसऱ्या राज्यात होती. ऑक्टोबरमध्ये एका रात्री फोन आला, आवाज बसलेला. मेसमध्ये जाऊन जेवायलाही वेळ नाही, म्हणाली. मी तिला म्हटलं, "मी शिकवते तोच विषय तुला जड कसा जातो?" हे वाक्य मी बोलले, ती विसरलेली नाही, आणि मला ते परत घेता येत नाही. फिजिक्सला डब्ल्यू लागला, म्हणजे कोर्स मध्येच सोडावा लागला, आणि ऑर्गेनिकला सी. त्यानंतरचं वर्षभर ती मला फक्त हवापाण्याचं सांगायची.

हे कोर्स नेमके कशासाठी असतात तेही बघू, म्हणजे क्रम का महत्त्वाचा ते कळेल. बहुतेक मेडिकल स्कूल एक वर्ष बायोलॉजी, एक वर्ष जनरल केमिस्ट्री, एक वर्ष ऑर्गेनिक, एक वर्ष फिजिक्स, सगळं लॅबसकट, आणि वर एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री मागतात. इंग्रजी लेखन आणि स्टॅटिस्टिक्सही बऱ्याच ठिकाणी लागतं. काही शाळा ऑर्गेनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालवून घेतात. प्रत्येक शाळेची अट वेगळी असते आणि ती अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमएसएआर या यादीत सापडते. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या यादीवर विसंबू नका.

यातली केमिस्ट्री म्हणजे साखळी आहे: जनरल दोन सेमिस्टर, मग ऑर्गेनिक दोन, मग बायोकेमिस्ट्री. पहिल्या वर्षाच्या फॉलला सुरुवात केली तर बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षाच्या फॉलला येते. तिसऱ्या वर्षाच्या स्प्रिंगला एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, जूनमध्ये अर्ज आणि त्यापुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये वर्ग सुरू. अर्जापासून वर्गापर्यंत चौदा महिने जातात. आता तो एक्सेलचा तक्ता आठवा. तिसऱ्या वर्षाअखेर डिग्री घेऊन लगेच मेडिकलला जायचं तर अर्ज दुसऱ्या वर्षाअखेर करावा लागतो. म्हणजे हातात फक्त चार सेमिस्टरच्या ग्रेड, हॉस्पिटलचा अनुभव जेमतेम, आणि एमकॅटची तयारी फिजिक्सच्या फायनलबरोबर. आणि अर्ज पुढे ढकलला तर घाईनं वाचवलेलं वर्ष अर्जाची वाट बघण्यातच जातं. मग ते वाचवलं कशासाठी? आज मेडिकलच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजनंतर निदान एक वर्ष मध्ये घालवून आलेली असतात. गॅप इयर म्हटलं की आपल्याकडे "ड्रॉप घेतला का?" असं कुजबुजतात. तो शब्द इथे लागू नाही.

एमकॅटबद्दल एक गोष्ट पालकांना फारशी माहीत नसते. २०१५ पासून या परीक्षेचं रूप बदललं. चार भाग, एकूण स्कोअर ४७२ ते ५२८, बसल्यापासून उठेपर्यंत साडेसात तास. बायोलॉजीच्या आणि केमिस्ट्री-फिजिक्सच्या, अशा दोन्ही भागांत साधारण पाव प्रश्न बायोकेमिस्ट्रीचे असतात. ऑर्गेनिक एका भागात १५ टक्के आणि दुसऱ्यात अवघं ५. म्हणजे ज्या कोर्ससाठी मुलं दोन वर्षं झोप घालवतात त्यापेक्षा शेवटी येणाऱ्या बायोकेमिस्ट्रीला जास्त वजन आहे, आणि ऑर्गेनिक कच्चं राहिलं तर बायोकेमिस्ट्री समजत नाही. चौथा भाग सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीचा. एक भाग निव्वळ वाचनाचा: तत्त्वज्ञान, इतिहास, कला, समाज यांवरचे उतारे आणि ५३ प्रश्न. त्याला पाठांतर कामाला येत नाही. आपल्या मुलांना या भागाला कमी गुण पडले की पालक क्लास शोधतात. मी त्यांना विचारते, कॉलेजात मुलानं इतिहासाचा, साहित्याचा एखादा तरी कोर्स आवडीनं केलाय का? "त्यात वेळ कशाला घालवायचा" म्हणून तोच तर तक्त्यातून काढलेला असतो.

मेजरचं, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयाचंही तसंच. बायोलॉजीच घ्यायला हवं असा कुठेही नियम नाही. मानव्यविद्यांत मेजर करून, लागणारे विज्ञानाचे कोर्स पुरे करून अर्ज करणारी मुलं प्रवेशाच्या प्रमाणात बायोलॉजीवाल्यांच्या मागे नाहीत. मुलाला संस्कृत वाचायचं असेल, अर्थशास्त्र शिकायचं असेल, तर शिकू द्या. आवडीच्या विषयात ग्रेडही चांगल्या येतात.

आता एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच केलेले कॉलेजच्या तोडीचे कोर्स. तुमच्या मुलाला एपी केमिस्ट्रीत ५ मिळाले याचा मलाही आनंद आहे. पण त्या जोरावर त्याला पहिल्याच सेमिस्टरला ऑर्गेनिकमध्ये बसवू नका. त्या वर्गात बाकीची मुलं कॉलेजचं एक वर्ष पचवून आलेली असतात. त्यांना लॅब रिपोर्ट लिहिता येतो, ऑफिस अवर्सला, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत शंका विचारायला यायची भीड मोडलेली असते. शिवाय बऱ्याच मेडिकल शाळा नुसतं एपीचं क्रेडिट पुरेसं मानत नाहीत, त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात. माझं मत विचाराल तर जनरल केमिस्ट्री कॉलेजात पुन्हा करावी, त्यात कमीपणा काही नाही. आणि ऑर्गेनिक उन्हाळ्यात उरकू नये. पंधरा आठवड्यांचं सहा-आठ आठवड्यांत कोंबलं की डोक्यात राहत नाही.

अर्जाला शिक्षकांची पत्रंही लागतात, बहुधा त्यातली दोन विज्ञानाच्या शिक्षकांची. माझ्या वर्गात ३०० मुलं असतात. मी मनापासून पत्र कुणाबद्दल लिहू शकते? जो माझ्या खोलीत येऊन बसला, चुकलेलं गणित घेऊन पुन्हा आला, त्याच्याबद्दल. १८ क्रेडिट घेतलेलं मूल कधी येत नाही. त्याला वेळच नसतो.

"डॉक्टर नाही तर मग दुसरं काहीतरी" हे आपलं नेहमीचं वाक्य. त्या 'काहीतरी'चे कोर्स वेगळे असतात, हे मात्र तिसरं वर्ष उलटल्यावर कळतं. फिजिशियन असिस्टंट (पीए), नर्सिंग, फिजिकल थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी या सगळ्यांना ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी लागतं, जे मेडिकलच्या नेहमीच्या यादीत नसतंच. पीएला मायक्रोबायोलॉजी लागते आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शेकडो, कुठे कुठे हजाराहून जास्त तास. जुने झालेले कोर्सही काही पीए शाळा धरत नाहीत. डेंटलच्या डॅट परीक्षेत फिजिक्सचे प्रश्न नाहीत, पण फिजिक्सचा कोर्स बहुतेक शाळांना हवा असतो. फार्मसीला बऱ्याच ठिकाणी डिग्रीही लागत नाही, दोनेक वर्षांचे ठरलेले कोर्स पुरतात, आणि तिची पीकॅट ही प्रवेशपरीक्षा २०२४ पासून बंद झाली आहे. म्हणून दुसऱ्या वर्षीच मुलाशी मोकळेपणानं बोला: कुठलं काम तुला जवळचं वाटतं? माझ्या मुलीला हे कळलं ते कॉलेज संपल्यावर, एका पुनर्वसन केंद्रात काम करताना. आज ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, अर्धांग झालेल्या माणसाला शर्टाचं बटण पुन्हा लावायला शिकवते. त्या केंद्रात ती दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात गेली असती तर? मी तिला तेव्हा उन्हाळी कोर्सला बसवलं होतं.

सहा, सात, आठ वर्षांच्या कॉलेज आणि मेडिकल एकत्र जोडणाऱ्या सरळ बीएस-एमडी योजनांबद्दलही बरेच जण विचारतात. मिझुरी-कॅन्सस सिटीची सहा वर्षांची आणि ब्राऊनची आठ वर्षांची नावाजलेली आहे. मूल सतराव्या वर्षी खरोखरच ठाम असेल तर जरूर अर्ज करावा. ठाम तुम्ही असाल आणि मूल गप्प असेल, तर त्या वाटेवर मध्येच उतरणं फार अवघड जातं.

एच-फोरवर, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या मुलांच्या पालकांनी पुढचा मजकूर जपून वाचावा, कारण या बाबतीत मी डोळ्यांत पाणी पाहिलं आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मूल २१ वर्षांचं झालं की तुमच्यावर अवलंबून म्हणून त्याचा व्हिसा संपतो आणि त्याला बहुधा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. अनेक मेडिकल स्कूल फक्त नागरिकांचा किंवा ग्रीन कार्डधारकांचाच अर्ज बघतात. परदेशी विद्यार्थी घेणाऱ्यांपैकी काही चारही वर्षांचे पैसे आधी दाखवायला सांगतात. सरकारी कर्ज या मुलांना मिळत नाही. एच-फोरवरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, त्यामुळे पीएसाठी लागणारे तास मिळवणंही अवघड. राज्य विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांना झुकतं माप असतं. टेक्सासच्या सरकारी मेडिकल शाळांत तर किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांच्या. इथे वाढलेल्या मुलाला आपण परके आहोत हे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळणं फार क्रूर आहे. ते नववी-दहावीतच घरात बोला. तुमच्या मनाला लागलेली अपराधाची टोचणी समजते, पण गप्प राहून ती कमी होत नाही.

पैशांचं थोडक्यात: २०२५ च्या कायद्यानं १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे डिग्रीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलं आणि मेडिकलसारख्या शिक्षणासाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाखांची मर्यादा घातली. खासगी शाळांचा खर्च याहून बराच जास्त असतो. कॉलेजच्या चार वर्षांसाठी सगळी पुंजी मोकळी करण्याआधी पुढच्या चारांचा विचार करा.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेत आल्या. ना डिग्री, ना क्रेडिट. पण कशासाठी शिकायचं आहे ते स्वतःशी पक्कं होतं: आपल्याकडच्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून. फिलाडेल्फियातल्या ज्या कॉलेजनं त्यांना घेतलं त्याच्या डीन रेचेल बॉडली या केमिस्ट्रीच्या प्राध्यापक होत्या. केमिस्ट्री शिकवणारी म्हणून मला हे नेहमी आठवतं. आजच्या प्रवेश समित्याही हाच प्रश्न विचारतात, निबंधात आणि मुलाखतीत, आणि आई-बाबांनी बनवलेला तक्ता त्याचं उत्तर देऊ शकत नाही. मूल नर्सिंग होममध्ये एखाद्या आजीला घास भरवून आलं असेल तर त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

मंडळांच्या कार्यकारिणीला एक विनंती. दर वर्षी 'मेडिकलला प्रवेश कसा मिळवावा' हा कार्यक्रम होतो आणि व्यासपीठावर यशस्वी मुलांचे पालक बोलतात. यंदा मुलांना बोलवा. ज्यांनी एक सेमिस्टर सोडलं, ज्यांनी वाट बदलली, ज्यांना दुसऱ्या अर्जात जागा मिळाली, त्यांना बोलवा. नर्स झालेल्या, फार्मासिस्ट झालेल्या मुलांनाही. पालकांनी मागच्या रांगेत बसावं.

आणि एक खुलासा, कारण गैरसमज होतात. १९७४ च्या कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की त्याच्या ग्रेडच्या माहितीवर हक्क त्याचा. तुम्ही मला फोन करून विचारलंत तरी त्याच्या लेखी संमतीशिवाय मी काही सांगणार नाही. राग मानू नका. त्यालाच विचारा, आणि पहिला प्रश्न ग्रेडचा नको. जेवलास का, झोपलीस का, यानं सुरुवात करा.

त्या एक्सेलवाल्या बाबांसाठी: कोजागिरीला मी मंडळाच्या स्वयंपाकघरात मसाला दूध आटवायला असेन, संध्याकाळी सहापासून. लेकीला घेऊन या. कोरा कागद आणि पेन्सिल तिच्या हातात असू दे. तुम्ही दूध ढवळायला मदत करा, आम्ही दोघी बोलतो.

आपली,
एक केमिस्ट्री शिक्षिका आणि आई